साखरपुड्यातली राखेची अंगठी

माझ्या साखरपुड्यात मी एका मेलेल्या माणसाची राख नवरीच्या बोटात घातली, असं कनेरगाव नाक्यावरचे काही लोक अजूनही मानतात.

गोष्ट नव्वदीच्या दशकातली. मी साखरा गावच्या शाळेत भूगोलाचा मास्तर. नकार पचवण्यात तालुक्यात माझा हात धरणारा कुणी नव्हता! शेवटी कनेरगाव नाक्याच्या सुमननं होकार दिला. आमच्या नानांनी (म्हणजे वडिलांनी) मारुतीला नारळ फोडला आणि मला बजावलं, "लगीन होईस्तोवर तोंड उघडू नको. तुझं तोंडच तुझं दुश्मन हाय."

अंगठी माझ्या अमेरिकेतल्या चुलतभावानं आणली होती. हिरवागार, नितळ खडा. तिकडं ज्वालामुखीचा एक डोंगर फुटला, त्याची राख भट्टीत वितळवून ही काच केली, असं त्यानं सांगितलं. भूगोलाच्या मास्तराला याहून मोठं सुख कोणतं? पाचू काय, कुणाच्याही बोटात असतो!

सुमनच्या अंगणात मांडव घालून कार्यक्रम. कुंकू झालं, साडी झाली, मी अंगठी घातली. बायका वाकून वाकून बघू लागल्या. सुमनचे मामा भारी मिशीवाले, घरात शेवटचा शब्द त्यांचा. त्यांनी कौतुकानं विचारलं, "पाचू दिसून राहिला, पाव्हणं?"

इथं "व्हय" म्हणून गप्प बसायचं होतं. नानांनी मागून माझा सदराही ओढला. पण मी उभा राहिलो (वर्गातली सवय!) आणि म्हणालो, "न्हाई मामा, ही काच हाय, राखेपासून केलेली."

वाकलेल्या बायका मागं सरकल्या, मामा पुढं सरकले.

"राख? कोणाची?"

"डोंगराची."

"डोंगर कोणी जाळला?"

"जाळला न्हाई, आपोआप फुटला. लई मोठी आपत्ती. माणसंबी गेली त्यात!" मी उत्साहानं माहिती पूर्ण केली. नानांनी कपाळाला हात लावला.

तोवर बातमी चुलीपाशी पोचली, "नवरदेवानं मेलेल्याची राख आणली!" चुलीपासून मागच्या दारी गेली, तेव्हा ती अमेरिकेतल्या काकाची राख झाली. गोठ्याला वळसा घालून परत मांडवात आली, तर ती माझ्या पहिल्या बायकोची! (इथं एक मिळायची मारामार!)

मामा उठले. "राख नदीत सोडतेत, लेकराच्या बोटात न्हाई घालत! काढ गं ती. आत्ताच्या आत्ता पैनगंगेत सोडून येऊ."

अंगठी निघेना. साबण लावला, तूप लावलं, एका मावशीनं तर खोबरेल ओतलं. बोट सुजलं, अंगठी ढिम्म!

"मग पोरीसकट नदीवर चला!" मामांनी जीप सुरू करायला लावली.

आता मात्र मला राहवेना. "मामा, भेता काहून? ही आपली काळी जमीनबी ज्वालामुखीतूनच आलेली हाय. तुमी सगळे आत्ता त्याच्यावरच बसलाव!"

धीर द्यायला बोललो होतो. सतरंजीवरचे म्हातारे ताडकन उठून उभे राहिले. एकानं तर चपला हातात घेतल्या.

"बस बाबा आता," नाना कळवळून म्हणाले. "लगीन तर मोडलंच, गाव तरी राहू दे."

खरं सांगतो, सुमन मला मनापासून आवडली होती. आणि मी माझ्या हातानं, म्हणजे तोंडानं, वाटोळं केलं होतं.

इतका वेळ खाली मान घालून बसलेली सुमन तेवढ्यात बोलली. "मामा, ही काचच हाय ना?"

"मास्तर तरी तसंच म्हणून राहिलेत."

"हिरवी हाय ना?"

"हाय की."

"मग लग्नात मला हिरवा चुडा काहून भरणार? तोबी काचंचाच. अन् राखेचं म्हणाल, तर सकाळी पुऱ्याचं पीठ मळलं ती परात मी राखेनंच घासली होती. पुऱ्या कशा झाल्या म्हणलं?"

पुऱ्यांवर सगळ्यात जास्त ताव मामांनीच मारला होता. ते मिशीतल्या मिशीत हसले. "चांगल्या झाल्या बाई," म्हणाले आणि जीप बंद करायला लावली.

मग सुमननं पहिल्यांदाच माझ्याकडं नीट पाहिलं. "पण मास्तर, राखेचं तुमाला एवढं कौतुक, तर लग्नानंतर भांडी तुमीच घासायची. कबूल?"

"कबूल!" नाना माझ्या आधी ओरडले.

लग्न झालं. अंगठी आजही तिच्या बोटात आहे. खडा जरा घासलाय, पण तो हिरव्या खड्याचा हात दिसला की माझी छाती अजून भरून येते. पुढं घरात भांड्यांचा साबण आला, राख गेली. मोठ्या आशेनं मी म्हणालो, "सुमन, आता करार संपला. घरात राखच राहिली न्हाई."

तिनं अंगठीचा हात माझ्या नाकासमोर धरला. "ही काय हाय मग? तुमीच तर सांगितलं होतं, भर मांडवात उभं राहून!"

मी गुपचूप बाह्या सरसावल्या आणि कढई पुढं ओढली. नानांनी बजावलं होतंच, तोंड उघडू नको म्हणून!