चौथा खांदा

अकोल्यात मोर्णा नदीच्या अलीकडच्या काठावर मिशनचं एक लहानसं कौलारू चर्च होतं, आणि त्याचा सगळा कारभार नत्थुजींच्या हातात होता. वऱ्हाड मध्यप्रांतात होता, त्या काळातली ही गोष्ट. नत्थुजी तिथले राखणदार. घंटा वाजवायची, बाकं पुसायची, प्रभुभोजनाच्या मेजावर चादर अंथरायची, शनिवारी मनुका भिजवून पेल्यासाठी रस काढून ठेवायचा, ही त्यांची कामं. घंटेचे ठोके बारा म्हणजे बारा. चादरीवर एक सुरकुती दिसली तर गड्याला जेवण गोड लागायचं नाही. भगवंतराव नावाचे नवे पाळक आले, तेव्हा पहिल्याच रविवारी नत्थुजींनी त्यांना बजावलं, "साहेब, पेला उजव्या हाताले ठेवाचा. इथं तसंच हाये."

जन्मानं ते माळी. अकोल्यापासून तीन कोसांवरच्या गावात घरचा मळा, थोरले भाऊ किसनराव तो पाहत. तरुणपणी नत्थुजी दुखण्यानं मिशनच्या दवाखान्यात पडले, तिथं त्यांना येशू भेटला आणि त्यांनी बाप्तिस्मा घेतला. ते काही खोटं नव्हतं, हे आधीच सांगून टाकतो. त्या दिवसांत हा माणूस प्रार्थनेला बसला की लेकरासारखा रडायचा. ते रडणं पुढे केव्हा आटलं, ते त्यांचं त्यांनाही कळलं नाही. नेम तेवढा उरला.

बाप्तिस्म्यानंतर दोन वर्षांनी मानमोडीची, म्हणजे इन्फ्लुएंझाची, साथ आली. घरोघरी माणसं मरत होती. एका सकाळी किसनराव तीन कोस चालत चर्चच्या फाटकाशी येऊन उभे राहिले. धोतर गुडघ्यापर्यंत धुळीनं भरलेलं.

"नत्थू, माय गेली," ते म्हणाले. "गावात मानूस उरला नाही. खांद्याले तिघंच हावो आमी. चाल."

नत्थुजी जागचे हलले नाहीत. "दादा, तिथं मडकं, पानी, पिंड, सगळं असन. मी आता येशूचा झालो. मले त्या विधीत येता येत नाही."

"विधी नको करू. नुसता खांदा दे. तू काहीबी झाला तरी तिचा लेक हायेस."

नत्थुजींनी मान खाली घातली आणि फाटक लावून घेतलं. किसनराव थोडा वेळ बाहेर उभे राहिले, मग गेले. त्यानंतर अकरा वर्षं भावाभावांत शब्द नाही. नत्थुजी नदीपलीकडच्या जुन्या शहरात पाऊलही टाकेनासे झाले, कारण किसनराव भाजी घेऊन तिथल्या बाजाराला बसत.

आणि या गोष्टीचं त्यांनी काय करावं? साक्ष केली! दरवर्षी पिकाच्या उपकारस्तुतीच्या रविवारी मंडळीतली माणसं उठून आपली साक्ष देत. नत्थुजींचा नंबर पहिला. छाती काढून ते सांगत, "माझी आई वारली, भाऊ बोलवायला आला, पण मी जगाची हाक नाकारली आणि प्रभूचा हात धरला." शब्दही इकडचा तिकडे होत नसे. सगळी मंडळी म्हणे, "आमेन." बायकांच्या बाजूला बसलेली त्यांची बायको गंगूबाई तेवढी गप्प राही. तिचं ते गप्प राहणं नत्थुजींच्या कधी लक्षात आलं नाही.

साक्षी झाल्या की प्रभुभोजनाआधी पाळक विचारत, "कोणाचं कोणाशी वैर आहे का?" सगळे एका सुरात म्हणत, "नाही." नत्थुजींचा आवाज त्यात सगळ्यांत मोठा. मनाशी त्यांनी हिशेब पक्का केला होता. विचारतात ते मंडळीतल्या माणसांबद्दल, आणि दादा काही मंडळीतला नाही. एवढ्या साध्या चुकीवर माणसानं अकरा वर्षं निभावून नेली.

अकराव्या वर्षी उपकारस्तुतीच्या आदल्या दिवशी गंगूबाईनं बाजारातून नेहमीसारखी टोपली आणली. वांगी, एक कोहळं, शेवंतीची फुलं, मेथीच्या जुड्या. सकाळी वेदीपुढे मांडायला नत्थुजींनी एक जुडी उचलली आणि हात तसाच राहिला. जुडीला अंबाडीच्या सालीचा वेढा होता. गाठ नव्हती, टोक दोनदा पिळून आत खोवलेलं. असं बांधायची ती एकटी माय. तिनं ते दोघा लेकांनाच शिकवलं होतं.

"ही भाजी कोनाची?" त्यांनी विचारलं.

"तुमच्या दादाची," गंगूबाई म्हणाली. "सात वर्स झाले. या सनाची टोपली तेच भरून देतात. एक पैसा घेत नाहीत. म्हनतात, मायच्या नावानं त्याच्या देवापुढं ठेव."

"मले आजवर दिसलं नाही ते?"

"घरी आनली की मी साल सोडून सुतळी बांधत होती. औंदा नाही बांधली."

"कावून?"

"थकली मी," गंगूबाई म्हणाली आणि चुलीकडे वळली.

घंटेची वेळ झाली होती. नत्थुजी दोर धरून उभे राहिले. त्या दिवशी किती ठोके पडले कोण जाणे, पण बारा नव्हते.

साक्षींची वेळ आली. सगळ्यांच्या माना सवयीनं नत्थुजींकडे वळल्या. ते उठले नाहीत. भगवंतरावांनी क्षणभर वाट पाहिली, बाकीच्यांच्या साक्षी ऐकल्या आणि नेहमीचा प्रश्न विचारला, "कोणाचं कोणाशी वैर आहे का?"

"नाही," मंडळी म्हणाली. सगळ्यांत मोठा आवाज त्यात नव्हता.

नत्थुजी समोर पाहत होते. पांढरीशुभ्र चादर, उजव्या हाताला पेला, आणि मेजाखाली ती टोपली. दान वेदीपाशी आणलं आणि भावाचं मन दुखावलेलं आठवलं, तर दान तिथंच ठेवून आधी भावाकडे जावं, असं येशूनं सांगून ठेवलंय. ते वाचन त्यांनी शंभरदा ऐकलं असेल. पण आपण वेदीपुढे ठेवलंय ते दानसुद्धा भावाचंच आहे, आपलं त्यात काहीच नाही, हे कळल्यावर त्यांना त्या बाकावर बसवेना. ते उठले, पायांत जोडा न घालता बाहेर पडले आणि पुलाकडे चालू लागले. प्रभुभोजन टाकून जाण्याची ही त्यांची पहिलीच वेळ.

जुन्या शहराच्या बाजारात किसनराव पोत्यावर बसले होते. केस पार पिकलेले. समोर मेथीचा ढीग.

नत्थुजींनी त्यांच्या पायांवर डोकं ठेवलं. "दादा, माहं चुकलं. मायले खांदा देला नाही म्या."

किसनरावांनी हातातली जुडी ढिगावर ठेवली. मग म्हणाले, "चौथा खांदा तुह्या वहिनीनं देला. बाईमानसानं. मसनापर्यंत. गाव अजून नावं ठेवते तिले."

हे नत्थुजींना ठाऊक नव्हतं. ते तिथंच मातीत बसले आणि रडले, चारचौघांत, हुंदके देऊन. माणसं थांबून पाहू लागली, तर किसनरावांनी त्यांना हात करून पुढे जायला सांगितलं.

"टोपली कावून भरत होता, दादा? माह्यासारख्याले?"

"मानसाचं तू आयकत नव्हता," किसनराव म्हणाले. "म्हटलं, तुह्या देवालेच सांगून पाहाव." त्यांनी अंबाडीच्या साली भावापुढे सरकवल्या. "बस आता. जुड्या बांध. दुपारी घरी चाल, वहिनीच्या पायावर डोस्कं ठेव. मले काय सांगतं?"

नत्थुजी त्या दुपारी गावी गेले. मैनावहिनीच्या पायांवर डोकं ठेवलं, मायला जिथं नेलं होतं ती जागा पाहिली, आणि दुसऱ्या दिवशी घरी परतले. भगवंतरावांनी भाकर आणि पेला झाकून ठेवला होता. तो घेताना नत्थुजींच्या हातून चादरीवर रस सांडला. डाग त्यांनी पुसला नाही.

पुढच्या वर्षी उपकारस्तुतीला ते पुन्हा साक्षीला उठले. या वेळी शब्द पाठ नव्हते. "माही माय गेली तेव्हा भाऊ बोलवाले आला. म्या फाटक लावलं. ते मी प्रभूसाठी नाही केलं. ते पाप होतं. अकरा वर्स त्या पापाची मी इथं बढाई मारली."

आमेन कुठं म्हणायचं, ते मंडळीला समजेना. मग बायकांच्या बाजूनं एकच आवाज आला.

"आमेन," गंगूबाई म्हणाली.