रोह्याचा रंग, पेणच्या मूर्ती

आत्मारामभाऊंची आणि माझी पहिली ओळख रंगाच्या नमुन्यांमुळे झाली. रोह्याच्या एका रासायनिक कंपनीत ते रंगखात्याचे फोरमन होते. हंगामाआधी एस.टी.ने पेणला येत आणि आमच्या गणपतीच्या कारखान्यात बसून मूर्तीच्या अंगाची छटा स्वतः जुळवून देत. विक्री हे त्यांचं काम नव्हतंच. पण आपला रंग मूर्तीवर कसा बसतो, हे पाहिल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे.

नव्वदच्या दशकात आशियातल्या देशांशी व्यापार मोकळा होत गेला, आयातशुल्क उतरलं आणि बाहेरचा रंग स्वस्तात पेणला पोहोचला. मीही तो घेतला. भाऊ आले की पाकिटं पोत्याखाली लपवायची, इतकीच माझी हिंमत.

एका वर्षी चतुर्थीला बारा दिवस उरले असताना सगळ्या मूर्तींचे चेहरे तडकले. पाकिटावरची परकी अक्षरं कुणालाच वाचता येईनात. शेवटी लाज गुंडाळून भाऊंनाच फोन केला. दुपारी ते हजर. चिमूटभर भुकटी पाण्यात कालवून त्यांनी बोटांत चोळली.

"वहिनी, ह्यात गोंद आधीच हाय. तुमी वर आपला नेहमीचा सरस घातलात, म्हनून तडकलं. रंग वाईट नाय."

चार दिवस ते आमच्याकडे राहिले. चेहरे खरवडायला, पुन्हा रंगवायला कारागिरांच्या मांडीला मांडी लावून बसले. हंगाम वाचला.

पुढे रोह्याचं ते रंगखातं बंद पडलं, ते कायमचंच. आमचे कारखाने वाढले, मूर्ती परदेशी जाऊ लागल्या. रोह्याजवळच्या वरसे गावातली, भाऊंच्या आळीतली मुलं मात्र कामासाठी पनवेलपलीकडे पांगली. आज इतक्या वर्षांनीही ती परतलेली नाहीत.

गेल्या महिन्यात भाऊंच्या या गौरवग्रंथासाठी फोटो आणायला वरशाला त्यांच्या घरी गेले होते. चहा देताना भाऊंच्या पत्नी सहज बोलल्या, "तुझा फोन आला ना गो, त्याच सकाळी ह्यांच्या हातात खातं बंद व्हनार म्हनून नोटीस दिलेली."

ज्या रंगाने यांची नोकरी घालवली, तोच कसा लावायचा हे ते आम्हाला चार दिवस शिकवत होते! मी भाऊंना विचारलं, तेव्हाच का नाही बोललात?

"बोललो असतो, तर मूर्तींना हात लावू दिला असतात काय?"

खरं सांगते, नसता दिला. हा माणूस सूड उगवायला आलाय, असंच मला वाटलं असतं.

भाऊंनी पंचाहत्तरी गाठली आहे. त्यांना निरोगी शंभरी लाभो. त्यांच्यासमोर मान वर करून बसायला मला अजून बराच वेळ लागणार आहे.