साबणाची कपची आणि आईची तहान

मंडळी, आज सकाळी अंघोळ करताना झिजून कागदासारखी झालेली साबणाची वडी हातातच मोडली. बाहेरून सूनबाई म्हणाली, "आई, टाकून द्या ती, नवी ठेवलीय."

मला बहात्तरच्या दुष्काळातली माझी आई आठवली.

आम्ही मुरुम गावाजवळच्या एका खेड्यात राहायचो. आई दुष्काळी कामावर खडी फोडायची. एका संध्याकाळची गोष्ट. दुसऱ्या दिवशी माझी स्कॉलरशिपची परीक्षा होती आणि माझा एकुलता एक झगा धुळीनं माखलेला. घरात साबणाची एवढीशी कपची उरली होती. ती बोटांतून निसटायची, अन् विहिरीच्या मचूळ पाण्यात तिला फेसच येईना.

आईनं कपची फडक्यात बांधली. माठाच्या तळाशी उरलेलं प्यायचं गोडं पाणी घेतलं आणि झगा घासला. तेव्हा कुठं फेस आला.

मी विचारलं, "आता तू काय पिशील?"

"मला लई तहान लागत न्हाय," ती म्हणाली.

दिवसभर उन्हात खडी फोडून आलेली बाई! पण मला ते खरंच वाटलं. मी परीक्षा पास झाले, पुढं शिक्षिका झाले. आईचं खोटं मात्र स्वतः आई झाल्यावर कळलं, तोवर ती गेली होती.

तुमच्याशी असं खोटं कोण बोललं होतं? ते माणूस अजून असेल, तर आजच जवळ बसून खरं काय होतं ते विचारा.