बाजार नदीत बसला तेव्हा

माझं सासर म्हणजे तालुक्याच्या गावाला लागून असलेला मळा. सासऱ्यांनी विहीर खोदून वांगी, मेथी, मिरची लावली होती. ते गेल्यावर मळा सासूने सांभाळला आणि माझा नवरा बैलगाडी भाड्याने हाकू लागला. कापसाच्या दिवसांत तो जिनात, म्हणजे सरकी काढायच्या गिरणीत, कापूस पोचवी, एरवी मिळेल ते ओढी. आठवडी बाजारात माल घेऊन बसायचं काम माझ्याकडे होतं. थोरली मुलगी तेव्हा रांगत होती. तिला सासूपाशी ठेवायची आणि टोपली डोक्यावर घेऊन निघायचं.

बाजार चावडीमागच्या मोकळ्या जागेत भरे. जमिनीवर पोतं अंथरलं की म्युनिसिपालटीची ‘बैठक’ द्यावी लागे. बैठक म्हणजे बसायच्या जागेचा कर. तो वसूल करायचा मक्ता दरसाल लिलावात जाई. त्या वर्षी तो एका किराणा दुकानदाराने घेतला होता. माणूस वाईट नव्हता. एखादीचा माल खपला नाही तर ‘पुढच्या बाजारी दे’ म्हणून पुढे सरके.

दिवाळीनंतर दवंडी पिटली गेली की बैठक दुप्पट झाली. कशासाठी, ते दवंडीवाल्याने सांगितलं नाही. मला ते घरीच कळलं होतं. मुंबईहून मोठे साहेब पाहणीला यायचे होते, म्हणून स्टेशनच्या रस्त्यावर दगडी कमान उभी राहणार होती, आणि तिचे दगड खाणीतून आणायला आमचीच गाडी लागली होती. घरात रोख पैसा येत होता, त्यामुळे नवरा खुशीत होता. सासूने बैलांना सरकी वाढवली होती.

दवंडीनंतरच्या पहिल्या बाजारात सगळ्यांनी कुरकुर करत पैसे दिले. मिरची विकणारी एक विधवा बाई माझ्या शेजारी बसे. वयाने मोठी, सगळे तिला अक्का म्हणत. तिने पैसे दिले आणि मक्तेदार पुढे गेल्यावर मला विचारलं, “हाई कमान कोन्हासाठी शे?”

मी माहीत होतं तेवढं सांगितलं. ती ऐकत मिरच्यांवर पाणी शिंपडत राहिली. पाणी घरून तांब्यात आणलेलं होतं, कारण बाजारातला हौद उन्हाळ्यापासून कोरडा होता. दुपार झाली की आम्ही पोती डोक्यावर धरून बसत असू. सावलीसाठी एक झाड होतं, त्याखाली कापडवाले बसत.

“कमानखाल बसाले तरी देतीन का आपले?” अक्काने विचारलं. जवळपासच्या बायका हसल्या. ती हसली नाही. थोड्या वेळाने म्हणाली, “म्युनिसिपालटीनी शीव नदीना काठलगून शे. वाळूमा त्यासनं राज नही. आपन नदीमा बसूत.”

नदीची वाळू पलीकडच्या खेड्याच्या शिवारात मोडे. ते खरं होतं, पण तिथे बाजार भरवायचं कोणाच्या डोक्यात आलं नव्हतं. अक्का स्वतः पलीकडे जाऊन तिथल्या पाटलांना, नानांना, विचारून आली. नानांनी तिला चहा पाजला आणि वाळूत कोणीही बसावं, त्यांची ना नाही, असं सांगितलं. आमच्या गावच्या म्युनिसिपालटीशी त्यांचं कधीच पटलं नव्हतं.

मी घरी सांगितलं तेव्हा नवरा बैलांना चारा टाकत होता. त्याचे हात थांबले.

“तू नदीमा बसशी, त त्या मन्ही गाडी बंद करतीन.”

“मग काय करू? बठ्ठ्या नदीमा आणि मी एकली बाजारमा बसू?”

तो उत्तर द्यायच्या आत सासू ओट्यावरून म्हणाली, “तिले जाऊ दे. तू तुन्ही गाडी हाक.” तिने एवढं बोलून विषय संपवला. तो मात्र रात्रीचं जेवण अर्धं टाकून उठला.

बाजारच्या दिवशी आम्ही सकाळीच उतारावरून वाळूत गेलो. हिवाळ्याचे दिवस, पाण्याची एकच धार आमच्या काठाजवळून वाहत होती. पाणी हाताशी होतं, भाजी दिवसभर ताजी राहिली. पहिला तास कोणी गिऱ्हाईक आलं नाही. मी वांगी लावत होते आणि सारखी काठाकडे बघत होते. मग एक मास्तरीणबाई पदर सावरत खाली उतरल्या. त्यांच्यामागून स्वैपाकीण बायका, मग हॉटेलवाला. ऊन वर येईपर्यंत नेहमीपेक्षा जास्त गर्दी झाली. म्युनिसिपालटीच्या शिपायाची बायकोसुद्धा येऊन मेथी घेऊन गेली.

दुपारी मक्तेदार आला. पायतण हातात, वाळूतून चालताना घामाघूम झालेला. तो भांडायला आला नव्हता.

“अक्का, मी बोली लावून मक्ता घेतलाय. तुम्ही इथे बसलात तर माझ्या घरात काय राहील? दर मी थोडाच वाढवला?”

“भाऊ, तुमनं नुकसान आम्हले दिसस,” अक्का म्हणाली. “पन हाई काम तुमनं नही. ज्यासनं शे, त्यासले धाडा.”

तिने त्याला बसायला पोतं दिलं आणि नदीचं पाणी प्यायला दिलं. तो बसला, पाणी प्याला आणि गेला. मला त्याचं वाईट वाटलं. आमच्यापैकी बऱ्याच जणींना वाटलं असणार.

पुढच्या बाजारी आम्ही उताराशी आलो तर वाट बंद. उताराच्या तोंडाशी घडीव दगडांचा ढीग होता, गुडघ्याच्या वर. मी दगड पाहिले आणि ओळखले. कमानीचे होते. आदल्या संध्याकाळी नवरा उशिरा आला होता आणि विचारल्यावर ‘काम होतं’ एवढंच म्हणाला होता.

ढिगाच्या दोन्ही अंगांना काटेरी बाभळी. अक्काने आधी पोतं पलीकडे टाकलं, मग लुगड्याचा काष्टा नीट खोचून दगडावर चढली. पलीकडे उतरून तिने हात पुढे केले. “टोपल्या दे.” मग आम्ही रांग धरली आणि टोपल्या हातोहात पलीकडे दिल्या. गिऱ्हाइकंही तशीच आली. तरण्या पोरांनी म्हाताऱ्या बायकांना हात धरून चढवलं. हॉटेलवाल्याने पोतं दोरीला बांधून काठावरूनच खाली सोडलं आणि वांगी भरून वर ओढून घेतली. बाजार झाला, पण एका म्हातारीचा पाय दगडात अडकून मुरगळला. तिला खाटेवर घालून घरी न्यावं लागलं, आणि ती कोणाची आई आहे हे कळल्यावर गावात बोलणं सुरू झालं. तिचा मुलगा म्युनिसिपालटीत निवडून गेलेला होता.

दोनेक दिवसांनी आम्हाला बोलावणं आलं. म्युनिसिपालटीच्या ओसरीत सतरंजी टाकली होती. अक्का, मी आणि आणखी चारपाच जणी बसलो. समोर खुर्चीवर एक वकील सभासद होते. म्हातारीचा मुलगा भिंतीला टेकून उभा होता.

वकील शांतपणे बोलले. “कमान काही एकट्याची नाही, सगळ्या गावाची आहे. मोठे लोक येतात, गावाची शोभा दिसायला नको का?”

“शोभाले आम्ही ना नही म्हनतस,” अक्का म्हणाली. “पन बाजारमा पेवाले पानी नही, सावली नही. पैसा आम्हना शे, त पहिले ते करा.”

“हौदाचं बघू. आणि नदीकडचे दगड वाट अडवायला टाकलेले नाहीत. काठ खचू नये म्हणून टाकले आहेत.”

मी बोलायला गेले नव्हते. पण ते खोटं इतक्या सरळ आवाजात आलं की माझ्याच्याने गप्प बसवेना. मी म्हणाले, “साहेब, त्या दगड आम्हना घरनी गाडीवर आनेल शेतस. काठ तठे नही, तठे वाट शे.”

म्हातारीच्या मुलाने वकिलांकडे पाहिलं. वकिलांनी माझ्या नवऱ्याचं नाव विचारलं. मी सांगणार कशी, बायका नवऱ्याचं नाव घेत नसत. अक्काने सांगितलं.

त्या संध्याकाळी नवऱ्याचं काम बंद झालं. मुकादमाने त्याला खाणीवरूनच रिकाम्या गाडीने परत पाठवलं. तो बैल सोडून माझ्यासमोर येऊन उभा राहिला. मला वाटलं, हात उगारणार. त्याने विचारलं, “तठे बोलाले तुले कोन्ही सांगं व्हतं?”

“कोन्ही नही.”

तो खाली बसला. “मालेबी त्या दगड टाकाना व्हता नही,” तो म्हणाला, आणि रांगत आलेल्या मुलीला त्याने मांडीवर घेतलं.

बैठकीचा वाढीव दर टोपलीवाल्यांपुरता मागे घेतला गेला आणि आम्ही परत चावडीमागे बसू लागलो. गाडीवर माल आणणाऱ्यांना तो द्यावाच लागला. म्युनिसिपालटीने मक्तेदाराला थोडी सूट दिली, असं ऐकलं. उताराचे दगड पुन्हा गाड्यांत भरून स्टेशनच्या रस्त्याला गेले, मात्र दुसऱ्याच्या गाड्यांतून. कमान झाली, पण ठरली होती त्यापेक्षा ठेंगणी आणि वरच्या नक्षीशिवाय. साहेब आले आणि मोटारीतून खालून निघून गेले. मी पाहायला गेले नाही, त्या दिवशी मिरची तोडणी होती.

हौदात पाणी यायला आणखी दोन उन्हाळे गेले. तोपर्यंत आम्ही घरूनच तांबे आणत होतो. नवऱ्याला बाहेरचं काम बरेच दिवस मिळालं नाही. त्या काळात अक्काच्या आणि माझ्या टोपल्या तो गाडीत घालून पाचोऱ्याच्या बाजाराला नेऊ लागला. तिथे भाव बरा मिळे. हळूहळू आणखी बायका माल द्यायला लागल्या आणि आमची गाडी आठवड्यातून दोनदा तिकडे जाऊ लागली.