बांधाला न टेकणारी रेघ

भिमाजी आबांनी रस्त्याकडचं भातखाचर विकलं, ही कुजबुज टाकव्यात सुरू झाली तेव्हा आबा गावात नव्हते. लेकीचं बाळ बघायला उर्सेला गेले होते आणि फोन नेहमीप्रमाणे घरी उशीखाली होता. म्हणजे कुजबुजीला रान मोकळं. चहाच्या टपरीवर दत्तोबा एजंटाने तिला बाळसं दिलं.

"तळेगावची बाई हाय, नाना. स्कुटीवाली. पोरं घिऊन आखनी चाललीय, पांढरी फक्की मारून."

"प्लॉटिंग?" मी आपलं बशीत चहा ओतत विचारलं.

"प्लॉटिंगची रेघ सरळ आसती. ही वाकडी हाय. स्विमिंग पूल!"

आता आमच्या मावळात पीक बघायला कोणी थांबत नाही, पण फक्की दिसली की पाच मोटारसायकली थांबतात. त्यातून यंदा भात निघाल्यावर आबांनी हरभराही पेरला नव्हता. झालं, पूल मंजूर. संध्याकाळपर्यंत त्याला निळ्या फरश्याही बसल्या.

ती तळेगावची बाई म्हणजे आमच्या ज्युनिअर कॉलेजच्या आसावरी मॅडम. गणित शिकवतात. ओढणीला कायम खडू, पर्समध्ये कायम शेंगदाणे, आणि हसल्या की शेजारच्या वर्गातली पोरं पण हसायला लागतात. त्यांचा एक हट्ट: जे डोक्यात शिरत नाही ते पायांनी शिकवायचं. वर्तुळ शिकवताना त्यांनी पोरांना कडुनिंबाभोवती दोरी धरून फिरवलं होतं. यंदा अकरावीच्या यच्चयावत पोरांनी परीक्षेत लॉगरिदमचा आलेख उभ्या अक्षाला नेऊन टेकवला. तो तिथे कधीच टेकत नाही म्हणे. मॅडमनी पेपर गोळा केले, कपाळाला हात लावला आणि रिकामं खाचर शोधलं.

हे सगळं तेव्हा टपरीवर कोणालाच ठाऊक नव्हतं, सरुबाईला तर नाहीच. आबांची बायको. त्या खाचरात तिने चाळीस वर्षं चिखलात उभं राहून भाताची आवणी केली. सुना आल्या, गुडघे गेले, पण त्या खाचराचा पहिला भात तिच्याच हाताने शिजायचा. ते आपल्याला न विचारता विकलं, हे ऐकल्यावर तिने परातीतलं पीठ तसंच सोडलं आणि पदर खोचून निघाली. मीही मागोमाग निघालो. चपला सापडेपर्यंतच काय तो उशीर.

सरुबाई थेट बांधावर जाऊन उभी राहिली. तिकडून मॅडम हात हलवत ओरडल्या, "मावशी, तिथं नका उभ्या राहू! तिथं शून्य आहे. शून्याला काही मिळत नाही!"

"माज्या बांधावर मीच उबी ऱ्हायची न्हाई?" सरुबाईचा आवाज कॉलेजपर्यंत गेला असेल. "कुनाला इचारून पूल आखला गं बाई?"

"पूल?" मॅडम इतक्या हसल्या की शेंगदाणे सांडले. "मावशी, पूल असता तर रेघेची दोन्ही टोकं जुळली असती. ही परत येतच नाही. या, चालून बघा."

सरुबाई रागातच चालायला लागली. बांध म्हणजे उभा अक्ष, खाचरात आडवी टाकलेली दोरी म्हणजे आडवा. बांधापासून एका पावलावर रेघ दोरीला भेटत होती. दुसऱ्या पावलाशी ती दोरीपासून एक पाऊल वर. आणखी एक पाऊल चढायला चौथ्यापर्यंत जायचं, मग आठव्यापर्यंत, मग सोळाव्यापर्यंत.

"म्हंजी नव्या जावयावानी," सरुबाई म्हणाली. "पैल्या दिवाळीला लय चढतंय, मग दमानं."

"पण थांबत नाही, मावशी. कितीही हळू, चढतच राहतं."

"मग जावई न्हाई."

पोरं खिदळली. तेवढ्यात मॅडमनी पिंकीला पकडलं. ही पेपरात सगळ्यात जोरात टेकवणारी. "चौथ्या पावलाला उंची दोन, आठव्याला तीन. चार आठे बत्तीस. बत्तिसाव्याला किती?"

पिंकी न चालताच ओरडली, "दोन नि तीन, पाच!" मग पावलं मोजत गेली, तर खरंच पाच.

"गुनाकार केला नि बेरीज झाली?" सरुबाईने डोळे मोठे केले.

"हीच तर याची गंमत."

मग सरुबाई उलटी फिरली. दोरीच्या खाली रेघ बांधाकडे सरकत होती. अर्ध्या पावलावर, वीतभर, चार बोटं, पण टेकत नव्हती. तिने वाकून बोट घालून बघितलं. फट होतीच.

"पुढं बी टेकत न्हाई?"

"कधीच नाही."

सरुबाईने शेजारच्या सखारामच्या शेताकडे बघितलं. दर नांगरटीला हा बांध कोरतो. "ह्याला शिकवा की हे!" ती म्हणाली आणि स्वतःच हसत बांधावर बसली.

दुसऱ्या दिवशी आबा आले. "मला का न्हाई सांगितलं?" सरुबाईने विचारलं, तर ते म्हणाले, "सांगितलं आसतं तर तू दिलं आसतंस व्हय?" सरुबाईने तिथल्या तिथे हुकूम सोडला: पोरांची परीक्षा होईस्तोवर खाचरात नांगर न्हाई.

त्याच दुपारी दत्तोबा लोणावळ्याहून गिऱ्हाईक घेऊन पूल दाखवायला आला. बांधावर बसलेल्या सरुबाईने रेघेकडे बोट केलं. "जावा की हिच्यामागं. टोकं जुळतील तितं पूल."

तो बिचारा गिऱ्हाइकासकट रेघेमागे चालत निघाला. पिंकी आणि पोरं टाळ्या पिटत होती.

खाचर विकलेलं नव्हतं. आबांनी ते गणिताच्या वर्गाला काही दिवस वापरायला दिलं होतं.