आप्पाच्या खुर्चीतली खेकड्याची कवचं

भूत, शाप, करणी... असलं कोणी बोलायला लागलं की मी सरळ उठून जाते. आमच्या प्राणिमित्र गटाची पत्रकं मीच लिहिते आणि त्यात पुराव्याशिवाय एक ओळ नसते. त्यामुळे हे लिहिताना माझी मलाच चीड येतेय. पण डोळ्यांनी पाहिलंय, काय करू?

सोलापूरहून होटगीकडे जाताना एक खासगी प्राणी-पार्क होतं. नाव देत नाही. मालकाला सगळे आप्पा म्हणायचे. तिथे पत्र्याच्या पिंजऱ्यात मुंगसांची जोडी होती. पाटीवर नुसतं 'मुंगूस'. अरे, कुठलं मुंगूस? बांधावर पळतं ते करडं नव्हे हे! हे तांबूस, अंगानं थोराड, मानेवर काळा पट्टा. घाटातल्या दाट जंगलातलं, ओढ्याकाठी राहणारं, खेकडे फोडून खाणारं. आणि ठेवलं कुठे? सोलापूरच्या मे महिन्यात, पत्र्याखाली!

"आप्पा, निदान आत पाण्याची टाकी तरी करा."

"मुंगूस हाय का म्हैस, डुंबायला?" बघायला आलेले लोक हसले. "साप मारायचं जनावर ते. जा, पत्रकं वाट जा."

त्याच आठवड्यात नर मेला. भर दुपारी, रिकाम्या भांड्यात तोंड घालून. आप्पाने त्याला मागच्या खड्ड्यात फेकला आणि मला गेटबंदी केली. मी गेटचे गज धरून ओरडले, "तुम्हाला हे भोगावं लागेल!" शाप वगैरे नव्हता हो तो... मला कोर्ट म्हणायचं होतं.

मादी अजून आतच होती. तिच्यासाठी वनखात्यात तक्रार दिली. कागद नुसता या टेबलावरून त्या टेबलावर.

आणि एक दिवस आप्पाचाच फोन.

"ए पोरी, माझ्या केबिनमधी खेकड्याची कवचं कोण टाकतंय? तूच की!"

"मला गेटच्या आत कोण सोडतंय, आप्पा?"

त्याने फोन आपटला. केबिनच्या कुलपाची किल्ली त्याच्याच खिशात असायची. तरी रोज सकाळी खुर्चीत ताजी फोडलेली, ओली कवचं. टेबलावर ओल्या पंजांचे ठसे. आजूबाजूचे नाले तर कोरडे ठाक! हे मला पिंजरे झाडणाऱ्या मलकारीने सांगितलं. तो आप्पाला म्हणाला होता, "खेकडं काय होटगी टेसनावर उतरून चालत आलं व्हय?" त्यावर आप्पाने त्याला शिव्या घातल्या.

चार दिवसांनी पुन्हा फोन. "वनखात्याची मान्सं घिऊन ये. मादी न्या."

आम्ही गेलो. आप्पाचे ओठ फुटले होते. त्याने माझ्यासमोर जारमधून तांब्या काठोकाठ भरला, तोंडाला लावला... आणि थेंब नाही. तांब्या कोरडा. फरशी कोरडी. शर्ट कोरडा.

"रोज असंच हाय," तो घोगऱ्या आवाजात म्हणाला. "त्याला सांग की, ताई... बास झालं म्हनावं."

पोरीची ताई झाले होते मी!

"मी काय सांगणार, आप्पा? साप मारायचं जनावर ते. मी आपली पत्रकं वाटते."

मादी आता घाटाजवळच्या बचाव केंद्रात आहे, टाकीत मनसोक्त डुंबते. पार्क बंद पडलं. आप्पा अजून काखेत बाटली घेऊन हिंडतो म्हणे... आणि तहानलेलाच असतो.

त्या तांब्यातलं पाणी गेलं कुठे? मला माहीत नाही. पुरावा मागणारी मीच, तेव्हा शोधायला हवं होतं. नाही शोधलं. शोधणारही नाही.