अख्ख्या पराचा मासा

माझी बहीण गुन्वोर चाळीस वर्षं आमच्या खोऱ्यात टपाल वाटत होती. कोणाला कोणाचं पत्र येतं आणि कोणाला कोणाचंच येत नाही, हे तिला पाठ होतं, पण त्यातलं अवाक्षर तिने कधी बाहेर काढलं नाही. एका जानेवारीत रस्ता बर्फाने बंद झाला, तर पायात स्की बांधून नऊ किलोमीटर गेली, एका एकट्या म्हाताऱ्याला वाढदिवसाचं कार्ड द्यायला. ते कार्ड तिनेच पाठवलेलं होतं, हे मला पुढे बऱ्याच वर्षांनी कळलं. अशी ती. मी तालेव, तिच्याहून तीन वर्षांनी धाकटा, आणि जन्मभर तिच्या हट्टापायी वैतागलेला.

तिच्या सगळ्या हट्टांचा बाप म्हणजे ग्रोव्हातन. डोंगरावरचं तळं, आमच्या घरापासून साडेपाच तासांची चढण. वडिलांनी आम्हाला गळ टाकायला तिथेच शिकवलं. त्या काळी तिथला ट्राउट मासा अख्ख्या खोऱ्यात नावाजलेला होता. मग परमुलखातल्या कारखान्यांचा धूर वाऱ्याबरोबर येऊन आमच्या पावसातून उतरू लागला. पाणी आंबट झालं, माशांची अंडी जागच्या जागी मेली. तळं मात्र दिसायला इतकं नितळ झालं की शहरातले लोक फोटो काढायला यायचे आणि किती स्वच्छ पाणी म्हणून वाखाणायचे. आई म्हणायची, रिकामं भांडं स्वच्छच असतं.

आंबटपणा मारायला मोठ्या तळ्यांत सरकारने हेलिकॉप्टरने चुना टाकला. ग्रोव्हातन लहान, ते यादीत बसलं नाही. तेव्हा गुन्वोर चाळिशीची होती. ती मासेमारी मंडळाकडे गेली, पिल्लं मागून घेतली आणि दुधाच्या कॅनमधून वर नेऊन सोडली. पिल्लं जगली, वाढली, पण वीण काही होईना. जिथे मासे अंडी घालतात तो तळ्याला मिळणारा ओढाच आंबट होता. मग दर एप्रिलला बर्फ घट्ट असताना ती शिंपल्यांच्या चुऱ्याची पोती स्लेजवरून ओढत वर न्यायची आणि त्या ओढ्यात ओतायची. वीस-वीस किलोची पोती. मी किती वेळा म्हटलं, अगं, समुद्र डोंगरावर न्यायचा विचार आहे का? ती म्हणायची, दोर धर.

सोडलेला मासा ओळखू यावा म्हणून आमच्याकडे पिल्लाचा एक पर, म्हणजे पोहायचा पंख, कापतात. ट्राउटच्या पाठीवर, शेपटीच्या अलीकडे, मांसाचा एक छोटा कोंब असतो. तो एकदा कापला की पुन्हा उगवत नाही. म्हणजे पाठ सपाट असेल तर मासा बाहेरून आणलेला, आणि कोंब शाबूत असेल तर तळ्यातच जन्मलेला. तीस वर्षांत गुन्वोरने ग्रोव्हातनमध्ये शेकडो मासे धरले, पाठीवरून बोट फिरवलं आणि सोडून दिले. सगळे सपाट.

त्या वर्षी वसंतात मंडळाची सभा झाली. पिल्लं सोडणं बंद होऊन सात वर्षं झाली होती, जुने मासे मरत चालले होते. ठरलं असं की या शरद ऋतूपर्यंत तळ्यात जन्मलेला एक तरी मासा दाखवला नाही, तर ग्रोव्हातनचं नाव कायमचं कटाप. पिल्लं नाहीत, चुरा नाही, परवानगीही नाही. ठरावाच्या बाजूने जे हात वर गेले त्यांत एक माझा होता. गुन्वोर चौऱ्याहत्तरची, येत्या ऑक्टोबरात गुडघ्याचं ऑपरेशन ठरलेलं. ती एखाद्या एप्रिलात स्लेजसकट दरीत जाईल या भीतीने माझी झोप उडाली होती. तिने माझ्या हाताकडे पाहिलं. ऑगस्टच्या शेवटी फोन केला, एवढंच विचारलं की तंबू तू उचलशील का. नाही म्हणायला मला तोंड होतं कुठे?

आमच्याकडे मासे धरायला निघालेल्याचं कोणी भलं चिंतत नाही. भलं चिंतलं की मासा गळाकडे फिरकत नाही. "घाण मासेमारी होवो" म्हणायचं, आणि जितकं मनापासून म्हणाल तितकं चांगलं. माझी बायको दारात उभी राहून म्हणाली की शेपटीचं टोकही दिसू नये तुम्हाला, उपाशी परत या. गुन्वोरने खूश होऊन मान डोलावली आणि आम्ही चढायला लागलो.

वाटेत खालचं तळं लागलं. तिथे दोन माणसं टोपलीभर मासे काढून बसली होती. गुन्वोरने तिकडे ढुंकूनही पाहिलं नाही. एरवी साडेपाच तासांची वाट, आम्हाला आठ लागले. उताराला ती उलटी चालायची, गुडघा वाचवायला, आणि मी मागून दगड सांगायचो. वर पोचलो, जुनिपरच्या झुडपांआड तंबू ठोकला, कॉफी उकळली. तिने कप संपायच्या आत गळ टाकला होता. त्या संध्याकाळी दोन मासे, दोन्ही सपाट. दुसऱ्या दिवशी सकाळपासून सूर्य कलेपर्यंत चार, म्हातारे, डोक्याने मोठे आणि अंगाने वाळलेले. चारही सपाट. तिने प्रत्येकाच्या पाठीवरून बोट फिरवलं आणि प्रत्येकाला हळूच पाण्यात सोडलं. आम्ही पातळ कडक भाकरी आणि तपकिरी चीज खाऊन झोपलो. तिने गुडघ्याला तेल चोळलं, मी पाहत नाही असं समजून.

तिसऱ्या दिवशी दुपारी उतरायला सुरुवात करायलाच हवी होती. सकाळी धुकं होतं. ओढ्याच्या तोंडाशी ती खडकावर उभी होती, गुडघा सुजलेला, ओठ घट्ट मिटलेले. दहा वाजले, एकही मासा नाही. जन्मात केली नाही ती चूक मी केली.

"मिळेल गं तुला," मी म्हणालो. "शुभेच्छा."

तिने गळाची काठी खाली केली.

"काय म्हणालास?"

"चांगलं व्हावं म्हणून बोललो."

"सत्तर वर्षांत तू माझं कधी चांगलं चिंतलं नाहीस, तालेव. सभेत हात वर केलास तेव्हा मला वाईट नाही वाटलं. तेव्हा निदान भांडत होतास. आज कीव करतोयस. म्हणजे तुझ्या लेखी संपलं सगळं."

खरंच संपलं होतं माझ्या लेखी. ते तिने माझ्या तोंडावरून ओळखलं, आणि मला स्वतःची लाज वाटली.

"मग काय म्हणू?" मी विचारलं.

"नीट शिव्या दे. हातचं राखून नको."

मी सुरुवात केली. तुझा गळ गंजून जावो म्हटलं, तुझी गांडुळं माहेरी पळून जावोत, तळ्यातला शेवटचा मासा तुला पाहून हसत हसत मरो. आणि मग काय झालं कोण जाणे, तीस वर्षांचं सगळं बाहेर आलं. तुझ्या पोत्यांना आग लागो, माझी कंबर मोडली त्यांनी, तू एकटी वर जायचीस तेव्हा मी खिडकीशी उभा राहायचो, एक एप्रिल सुखाचा गेला नाही माझा, सत्यानाश होवो तुझ्या या तळ्याचा. माझा आवाज समोरच्या कड्यावर आपटून परत आला.

"हं," ती म्हणाली. "आता माझा भाऊ बोलला." आणि माझ्या हातात दुसरी काठी दिली.

मी मासेमारीत ढ. तरी टाकला. गळ ओढ्याच्या तोंडाशी जिथे पडायला नको तिथेच, उथळात पडला. दोरी ताणली गेली. मासा मोठा नव्हता, पण अंगात नुसतं वारं भरलेलं. काठाला आणला, वीतभराहून थोडा जास्त, पिवळाधमक, लाल ठिपक्यांचा. सवयीने गळ काढला आणि सोडायला वाकलो.

"पाठ," गुन्वोर ओरडली. "आधी पाठ बघ, गाढवा."

मी बोट फिरवलं. शेपटीच्या अलीकडे बोट अडलं. पुन्हा फिरवलं, पुन्हा अडलं. मी मासा तसाच तिच्यापुढे धरला. ती सुजल्या गुडघ्यानिशी खडकावरून उतरून आली, तिने डोळे मिटले आणि करंगळीने तो कोंब चाचपला, मऊ, तांदळाच्या दाण्याहून थोडा मोठा, कोणाची कात्री न लागलेला.

मग ती रडली. उभ्याउभ्या, मोठ्याने, नाक पुसायचीही फिकीर न करता. मीही रडलो, त्यात लपवण्यासारखं काय आहे? तासाभरात तिने त्याच उथळात आणखी तीन धरले, तिन्ही अख्खे. धुकं उठलं तेव्हा ओढ्यात, पांढऱ्या चुऱ्यावर, बोटाएवढी पिल्लं इकडून तिकडे पळताना दिसली. आम्ही मोजायला लागलो आणि सोडून दिलं.

मंडळाला दाखवायला एक मासा मिठात घातला. बाकीचे तीन सोडायला मी पाण्याकडे वळलो, तर तिने मनगट धरलं. म्हणाली, मार त्यांना आणि चूल पेटव. मला वाटलं, चुकून बोलली. तीस वर्षांत या तळ्यातला एक मासा तिने खाल्ला नव्हता, मला खाऊ दिला नव्हता.

"ते पाहुणे होते," ती म्हणाली. "पाहुण्यांना कोणी खातं का? हे इथले आहेत. इथल्या माशांना आपण खातो."

लोण्यात तळले, वर मीठ. मांस गुलाबी, वडिलांच्या वेळचं होतं तसंच. गुन्वोरने काटे चोखून दगडावर ओळीने मांडले, बोटं चाटली आणि तिसऱ्यातला अर्धा मला न विचारताच उचलला.